२० ब्लाइंडचा स्टॅक, तिसरा महिना: कॉल करणं कमी केलं

या महिन्यात पोकरमधल्या (टेक्सस होल्डेम) एकाच सवयीच्या मागे लागलो होतो. मी बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणारी जागा), स्टॅक (माझ्याकडच्या एकूण चिप्स) २० बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी भरायच्या दोन सक्तीच्या रकमांपैकी मोठी; छोटी तिच्या निम्मी), हातात पंजीची जोडी, आणि समोरून २.५ चं ओपन (पहिली वाढ). हात आपोआप कॉलकडे, म्हणजे तेवढीच रक्कम भरण्याकडे, जायचा. १०० ब्लाइंडच्या खेळातून आलेली सवय. शेवटी कागद घेऊन बसलो. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत) सेट, म्हणजे जोडीचा तिसरा पत्ता, लागतो साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणजे एका सेटमागे साडेसात वेळा २.५ ब्लाइंड जातात, जवळजवळ १९. आणि सेट लागला तर मिळणार किती? ब्लाइंडवाले निघून गेले असतील तर पॉटमधले ४ (त्याचे २.५ आणि दोन ब्लाइंडचे दीड) आणि समोरच्याचे उरलेले १७.५, मिळून २१.५. म्हणजे जवळपास दर सेटला त्याचा अख्खा स्टॅक हाती यायला हवा. तसा तो येत नाही. त्यामुळे बटणावर छोट्या जोड्या आता फोल्ड, म्हणजे टाकून द्यायच्या. बिग ब्लाइंडमध्ये एक आधीच भरलेला असतो, दीडच घालायचा असतो, तिथे कॉल चालू ठेवलाय.

खरा आनंद एक्का-राजाने दिला. आधी मी त्यावरही कॉल करायचो, आणि तीनपैकी दोन फ्लॉप कोरडे जायचे. आता थेट ऑल-इन, अख्खा स्टॅक पुढे. समजा समोरचा दश्शीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यावरच कॉल करतो. माझ्या हातातल्या पत्त्यांमुळे एक्क्यांच्या आणि राजांच्या जोड्या सहा-सहावरून तीन-तीनवर येतात, एक्का-राजा १६ वरून ९ वर. एकूण उरतात ३३ कॉम्बो (दोन पत्त्यांच्या शक्य जुळण्या), आणि वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजाला त्यांच्यासमोर जिंकायची शक्यता सुमारे ४० टक्के. कॉल झाला तर सरासरी ३.४ ब्लाइंड जातात, फोल्ड झाला तर ४ मिळतात. म्हणजे त्याने ४६ टक्के वेळा फोल्ड केलं तरी बरोबरी. तो १५० कॉम्बोंनी ओपन करत असेल तर ११७ फोल्ड होतात, ७८ टक्के! हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं.

अगदी पहिल्या जागेवरून घट्ट खेळणाऱ्याचं ओपन आलं की फोल्डचा हा आकडा बराच खाली येतो, म्हणून तिथे एक्का-राणी मी अजून टाकूनच देतो.

डबल होऊन ४० वर गेलो की मात्र गडबड होते. तिथे ऑल-इन फार मोठं पडतं, आणि ८-९ ब्लाइंडचा थ्री-बेट (ओपनवर पुन्हा वाढ) करून मग फोल्ड कधी करायचं, ते अजून बसलेलं नाही. पुढचा महिना त्यालाच.