मनगट

“मीडियन नर्व्ह फ्लेक्सर रेटिनॅक्युलमखाली कॉम्प्रेस झालीये.” माझी एक विद्यार्थिनी, एका दमात. एक अक्षर चुकलं नाही.

आज मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये मी, त्यांचा सर, खोटा पेशंट झालो होतो. तक्रार: रात्री बोटांना मुंग्या येतात. मी विचारलं, “म्हणजे शर्टाची बटणं लावता येतील ना मला?”

ती गप्प.

मग व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास ततपप होणारा एकजण पुढे आला. माझं मनगट हातात धरून म्हणाला, “इथे अरुंद बोगदा आहे, काका. त्यातून ९ दोऱ्या आणि एक नस जाते. जागा कमी पडली की नस दबते. झोपेत मनगट दुमडतं, म्हणून रात्री जास्त.”

काका! (सर म्हणायचंही विसरला.)

तिला पैकीच्या पैकी द्यावेच लागले. त्याच्या ‘काका’साठी वहीत रकानाच नाही. तुम्ही किती दिले असते?