35 टक्के कशाचे?

मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात त्या तारखेला साक्ष डॉक्टरांची होती आणि वाद एका आकड्यापुरता उरला होता. अर्जदार फरशी बसवणारा मिस्त्री, अपघाताच्या वेळी वय 34. दुचाकीवरून कामावर जाताना मागून छोट्या टेम्पोने धडक दिली आणि उजव्या पायाच्या टिबियाचा, म्हणजे नडगीच्या हाडाचा, गुडघ्यालगतचा भाग चेचला गेला. दोन ऑपरेशनं झाली, प्लेट आणि स्क्रू बसले, मग कित्येक महिने फिजिओथेरपी. डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर शेवटी लिहिलं होतं: कायमचं अपंगत्व 35 टक्के, उजवा पाय. विमा कंपनीचा सगळा बचाव त्या ‘उजवा पाय’वर उभा होता. पायाचे 35, तर पूर्ण शरीराचे साधारण निम्मे, म्हणजे 17 धरा, असं त्यांचं म्हणणं.

मी अर्जदारांच्या बाजूने मोटार अपघात दावे चालवतो. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. मिस्त्रीला मिस्त्रीच म्हणतो.

हा आकडा इतका का महत्त्वाचा, ते हिशेबावरून कळतं. मासिक उत्पन्न 15,000 धरलं. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी त्यात 40 टक्के मिळवायचे. हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरवून दिलं, आणि ते फक्त मृत्यूच्या नाही, तर जखमींच्या दाव्यांनाही लागू होतं हे 2020 च्या पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट केलं. झाले 21,000. वर्षाचे 2,52,000. 31 ते 35 या वयोगटाला 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणायचं तो, 16, म्हणून 40,32,000. जखमी माणूस हयात असतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावट इथे होत नाही. आता या रकमेचे 17 टक्के म्हणजे 6,85,440. आणि शेवटी ठरले तसे 60 टक्के म्हणजे 24,19,200. बाकी सगळं तसंच ठेवून एका आकड्याने सतरा लाखांहून जास्त फरक पडतो.

विमा कंपनीच्या वकिलांची उलटतपासणी अपेक्षेप्रमाणेच सुरू झाली.

“डॉक्टर, हे 35 टक्के फक्त उजव्या पायाचे आहेत, संपूर्ण शरीराचे नाहीत, हे बरोबर?”

“बरोबर.”

“रुग्ण काठीशिवाय चालू शकतो?”

“सपाट जमिनीवर, थोडं अंतर, हो.”

“म्हणजे तो पोट भरू शकतो.”

इथे मी हरकत घेतली. कमाईची क्षमता किती गेली हे डॉक्टरांनी सांगायचंच नसतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी फार नेमकी करून ठेवली आहे: डॉक्टर शरीराबद्दल बोलतील, कमाईचं नुकसान न्यायाधिकरण, म्हणजे हे दावे ऐकणारं न्यायालय, ठरवील. ते ठरवताना तीन गोष्टी बघायच्या. अपंगत्वामुळे माणूस काय करू शकतो आणि काय नाही. अपघाताआधी त्याचा धंदा काय होता, वय काय होतं. आणि तो पहिलंच काम करू शकतो, की ते सुटून दुसरं हलकं काम करू शकतो, की कमाईलाच मुकला. डावा हात गमावलेला कारकून नोकरीत राहू शकतो, पण तोच हात गेलेल्या सुताराचं किंवा ड्रायव्हरचं नुकसान जवळपास शंभर टक्के असू शकतं, हे उदाहरण त्याच निकालात आहे. अपघाताचे दावे चालवणाऱ्या प्रत्येकाने तो पुन्हा पुन्हा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

मग विमा कंपनीच्या वकिलांनी दाखल्याच्या आकड्याला हात घातला. 35 कुठून आले? डॉक्टरांनी सोबत आणलेला तक्ता काढला. हालचालीचा घटक 25, स्थैर्याचा घटक 14. साधी बेरीज 39 होते, पण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत बेरीज चालत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भागच मिळवायचा: 90 वजा मोठा आकडा, गुणिले लहान, भागिले 90. म्हणजे 65 गुणिले 14 भागिले 90, साधारण 10, एकूण 35. हा तक्ता नसता तर ‘अंदाजाने दिलेला दाखला’ म्हणून पुढची सगळी साक्ष लंगडी पडली असती. दाखला खरा असूनही फुटतो तो इथेच. आकडा असतो, पण तो कसा आला हे डॉक्टरांना दोन-तीन वर्षांनी आठवत नाही. म्हणून दाखला घेतानाच मोजमापांचा कागद मागून घ्यावा. त्यात गोनिओमीटरने मोजलेले सांध्याचे अंश असावेत, कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपने मोजलेली दोन्ही पायांची लांबी असावी, आणि गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर मांडीचा घेर, तोही दोन्ही बाजूंचा.

फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, मला मोजकेच प्रश्न विचारायचे होते, कारण ती उलटतपासणीत निघालेल्या मुद्द्यांपुरतीच असते. ‘चालू शकतो’ हा मुद्दा त्यांनीच काढला होता.

“डॉक्टर, उजवा गुडघा किती अंश वाकतो?”

“80. त्यापुढे नाही. निरोगी गुडघा साधारण 140 पर्यंत वाकतो.”

“उकिडवं बसायला 80 पुरतात?”

“नाही.”

“मांडी घालून? गुडघा जमिनीला टेकवून, टाच मागे घेऊन?”

“दोन्ही शक्य नाही. वजन उचलून जिना चढणंही मी त्याला मना केलं आहे. सांध्याचा पृष्ठभाग खडबडीत झालाय, पुढे संधिवात वाढणार.”

“पुढे शस्त्रक्रिया लागेल?”

“सांधा बदलावा लागण्याची शक्यता मोठी आहे. खर्चाचं अंदाजपत्रक मी लिहून दिलं आहे.”

हा शेवटचा कागद नुसता जोडला आणि डॉक्टरांच्या तोंडून साक्षीत आला नाही, तर भविष्यातल्या उपचारांचा खर्च बहुधा नाकारला जातो किंवा नावापुरता मिळतो. मिस्त्रीच्या दाव्यात तो निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडून अभिलेखावर आला.

पण 80 अंशांना अर्थ आला तो आदल्या तारखेला झालेल्या ठेकेदाराच्या साक्षीमुळे. फरशीचं काम सगळं जमिनीच्या पातळीवर होतं. माल पसरणं, दोरी लावणं, लादी टेकवून रबरी हातोड्याने ठोकणं, लेव्हल बघणं, सांधे भरणं, सगळं उकिडवं बसून, मागे मागे सरकत, दिवसभर. दोन बाय दोनच्या चार लाद्यांची पेटी पंचवीस किलोच्या पुढे असते आणि ती जिन्याने वर न्यावी लागते. ठेकेदाराने हे साध्या शब्दांत सांगितलं. सोबत अपघाताआधीचा कामाचा व्हिडिओ होता, त्याच्याच फोनमधला. तो पुराव्यात ग्राह्य धरला जायला भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे भाग दोन, एक फोन वापरणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा ओळख-आकडा, हेही येतं. हे प्रमाणपत्र नाही म्हणून चांगले व्हिडिओ वाया गेलेले मी पाहिले आहेत.

विमा कंपनीचं शेवटचं म्हणणं होतं की मिस्त्री आता देखरेख करू शकतो, भिंतीच्या टाइल्स लावू शकतो. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. न्यायाधिकरणाने शंभर टक्के नाकारलं आणि कमाईच्या क्षमतेचं नुकसान 60 टक्के धरलं. मला तो आकडा न्याय्य वाटला. कंबरेच्या वरच्या उंचीवरचं काम त्याच्या हातात उरलं आहे, पण धंद्याचा मोठा हिस्सा जमिनीवरचा होता आणि तो गेला. उत्पन्न आम्ही 18,000 सांगितलं होतं. ठेकेदाराची वही आणि बँकेतल्या जमा रकमा जुळवून 15,000 मान्य झालं. रोखीने मजुरी घेणाऱ्यांचं इथे नेहमी नुकसान होतं. खात्यावर आलेली अर्धी मजुरीसुद्धा काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

हा दावा आकड्यापर्यंत पोचण्याआधी मुळातच घसरू शकला असता, कारण पहिल्या दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलं होतं, ‘दुचाकीवरून पडून इजा’. टेम्पोचा उल्लेखच नाही. घाईत, वेदनेत विव्हळणाऱ्या माणसाच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितलेलं वाक्य असतं ते, आणि विमा कंपनी त्यावरच सांगते की दुसरं वाहन नंतर घुसवलं. आम्हाला वाचवलं ते दोन कागदांनी. 108 रुग्णवाहिकेच्या नोंदीत ‘मागून वाहनाची धडक’ असं होतं, आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात दुचाकीचं नुकसान मागच्या मडगार्डला आणि टेललॅम्पला होतं. स्वतः घसरून पडलेल्या गाडीचं नुकसान असं मागून आत गेलेलं नसतं. म्हणून नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे: पेशंट स्थिर झाला की पहिल्याच दिवसांत केसपेपरवरची अपघाताची हकिगत वाचून घ्या. चुकीची असेल तर डॉक्टरांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मूळ नोंद खोडायला सांगू नका. खाडाखोड जास्त घातक ठरते.

पोलिसांकडून काय मागायचं हेही ठाऊक असावं. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो उशिरा येतो, आणि त्याची वाट बघत बसणारे लोक मुदतीच्या कडेला येतात. त्याच दिवसापासून दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. या मुदतीवर वरच्या न्यायालयांत वाद झाले आहेत, पण आपला दावा त्या वादाच्या भरवशावर ठेवू नये. दाखला तयार नसला तरी अर्ज दाखल करता येतो. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरलं जातं, त्यामुळे लवकर दाखल करण्यात अर्जदाराचाच फायदा आहे. दाखला मात्र घाईत घेऊ नये. हाड जुळून, फिजिओथेरपी संपून पाय ‘आता आहे तो एवढाच’ म्हणण्याइतका स्थिर झाल्यावरच अपंगत्व मोजण्यात अर्थ असतो.

बिलांचं थोडक्यात. मूळ पावती, तिच्यावर पेशंटचं नाव आणि तारीख, जोडीला त्याच तारखेची डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीविना औषधांची बिलं कापली जातात. इम्प्लांटचं स्टिकर आणि ऑपरेशनच्या आधीच्या व नंतरच्या एक्स-रे फिल्म जपून ठेवाव्यात. मेडिक्लेम मिळाला म्हणून ती रक्कम वजा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ठरवलं. तरी मिळालेली रक्कम वकिलापासून लपवू नये, ती उलटतपासणीत निघतेच.

टेम्पोचालकाच्या परवान्याचा बचाव या दाव्यात फार टिकला नाही. त्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता, वाहतूक वाहनाचा वेगळा शेरा नव्हता. 7,500 किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या वाहनाला तो पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये रंभादेवी निकालात सांगितलं आहे.

वकील निवडण्याबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण नुकसान तिथूनच सुरू होतं. दवाखान्याच्या आवारात एजंट गाठतात आणि कोऱ्या वकीलपत्रावर, कधी कोऱ्या कागदावर अंगठा घेतात. ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार करणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला मना आहे. फी लेखी ठरवा, प्रत्येक पैशाची पावती घ्या, मूळ कागद देताना यादीवर सही घ्या आणि प्रती आपल्याकडे ठेवा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. अपघाताने अपंगत्व आलेल्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. आणि वकिलाने पहिल्या भेटीत नुसतं ‘किती टक्के?’ न विचारता ‘काम काय करत होतास, कसं बसून करत होतास, ओझं किती उचलत होतास?’ असं विचारलं, तर तो दाव्याचं काम जाणतो असं समजायला हरकत नाही.

निवाड्यानंतर अपिलाला 90 दिवस असतात. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि स्थगितीसाठी तिला रक्कम जमा करावी लागली. जमा रकमेतला काही भाग काढून घेण्यासाठी आम्ही अर्ज केला. असा अर्ज नुसत्या ‘गरज आहे’वर करू नये, त्याला कारणाचे कागद लावावेत. मिस्त्रीच्या अर्जाला घेतलेल्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या आणि डॉक्टरांचं ते अंदाजपत्रक जोडलं. अर्ज मंजूर झाला आणि पैसे थेट त्याच्या खात्यात गेले. उरलेली रक्कम अपिलाच्या निकालापर्यंत मुदत ठेवीत आहे.