वर टॉवर आहे, फ्लॅट घेऊ का?

नाशिकचं इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, फ्लॅट बघायला निघालेले लोक मला फोन करून हाच प्रश्न विचारतात. माझी निम्मी हयात मोबाइल टॉवरच्या देखभालीत गेली, म्हणून मला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: अडचण तेवढीच असेल तर खुशाल घ्या.

टॉवरवरची ती उभी पांढरी पट्टी म्हणजे अँटेना. तिच्या रेडिओ लहरींचा झोत समोर जातो, किंचित खाली झुकलेला. बरोबर खालच्या घरात फार थोडं पोचतं, त्यात मध्ये स्लॅब. झोतात येतो तो समोरच्या बिल्डिंगचा त्याच उंचीचा मजला, आणि तिथलं कुणी मला कधी विचारत नाही! अर्थात तिथेही लहरींच्या जोराला मर्यादा आहेच. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे.

कॅन्सरचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी '२ब' गटात टाकल्या. म्हणजे शक्यता नाकारलेली नाही, पण पुरावा तोकडा. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्यावर कुठली सोसायटी मीटिंग बोलावत नाही. पुढे २०२४ मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. डीएनएचे बंध तोडण्याइतकी ताकद या लहरींत नसते. जोर फार असेल तर शरीर तापतं, आणि मर्यादा त्याच हिशोबाने ठरवल्यात.

काळजी करायचीच तर कानाशी धरलेल्या फोनची करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंजची एकच दांडी असताना बोलून बघा. टॉवर गाठायला फोन जोर लावतो, बॅटरी भराभर उतरते. टॉवर जवळ असला की हाच फोन हळू बोलतो. म्हणजे 'टॉवर हटाव' यशस्वी झालं की कानाशी लहरी वाढणार! रेंज नसेल तर इयरफोन लावा. फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जावी, याला आपल्याकडे १.६ वॅट प्रति किलोची मर्यादा आहे. स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात.

बिल्डरला मात्र दुसरंच विचारा. स्लॅबला हा भार झेपतो का, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, आणि टॉवरचा जनरेटर कुणाच्या बेडरूमखाली ठेवलाय. लाइट गेल्यावर रात्रभर तोच ऐकावा लागतो.