आवाज बंद करून

काल आईला कॉलेजसाठी केलेली माझी फिल्म दाखवली. तिच्यातली माझ्या आवाजातली कविता सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तर म्हणाली, "तेवढं तुझं बोलणं बंद कर बरं. मला बघू दे."

मी आवाज बंद केला. ती बघत राहिली. मला मात्र पुढचं काही दिसलंच नाही.

तुझं बोलणं! अकरावीपासून वहीत लिहीत, खोडत, परत लिहीत आणलेली कविता आहे ती. हॉस्टेलच्या जिन्याखाली, अंगावर गोधडी घेऊन, बाहेरच्या रिक्षांचा आवाज येऊ नये म्हणून पहाटे उठून रेकॉर्ड केलेली. वर्गात ऐकवली तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली होती. आणि जिच्यासाठी लिहिली तिनं बंद करायला सांगितली. मला राग नाही आला. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. हे नुसतं आत जाऊन बसलंय.

ती कविता वाट बघण्याची आहे. दिवाळी संपली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक येतो, बाजलं, पत्र्याची पेटी, चूल, सगळं वर चढतं, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, घरावर कुलूप. आपल्याकडं कुणाला हे सांगावं लागत नाही. माझ्याबरोबर वसतिगृहात असलेल्या सगळ्या पोरींना तर नाहीच नाही. आईबाप गेल्यावर मागं राहिलेल्या पोरीचं वाट बघणं मी लिहिलं. "तू गेलीस" अशी तिची सुरुवात आहे.

आता वाटतं, आईला नेमकं हेच ऐकणं सहन झालं नसेल का? की तिला ते नुसतं पुस्तकातल्यासारखं, लांबलचक वाटलं? कविता कळली नाही म्हणून बंद करायला लावली, की कळली म्हणून? रात्रभर मी याच दोन दारांमधून येरझारा घालतेय. पहिलं असेल तर माझं शिक्षण फुकट गेलं असं वाटतं. दुसरं असेल तर... ते नको लिहायला.

सरांनी सेमिस्टरला काम दिलं होतं ते एवढंच: एक भावना घ्या, गोष्ट सांगू नका. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पाऊस, आरसा आणि सिगारेट घेतली. मला दासोपंतांची पासोडी आठवत होती. आमच्या अंबाजोगाईच्या या माणसानं सोळाव्या शतकात कापडाच्या लांबच लांब पट्ट्यावर पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहून काढला. मला ती पहिल्यापासून फिल्मच वाटते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं डोळा सरकत जातो आणि अर्थ उलगडतो. म्हणून आजोबांचं जुनं धोतर घेतलं, त्यावर मार्करनं कविता उतरवली, धोतर दोरीवर ताणलं आणि मोबाईल हातात धरून त्याच्या कडेकडेनं चालत गेले. वाऱ्यानं कापड फुगायचं तेव्हा अक्षरं वाकडी व्हायची, ते मला फार आवडलं होतं. आई त्या जागी म्हणाली, "हे डाग आता निघायचे नाहीत." खरंय. नाहीच निघायचे.

पण ती थांबली ती दाराच्या शॉटवर.

तो शॉट मी संक्रांतीच्या सुमारास गावाकडं गेले तेव्हा घेतला. आजी काकांकडं होती, म्हणजे घर बंदच. समोरच्या ओट्यावर विटांवर मोबाईल उभा केला आणि बाजूला झाले. मिनिटाचा शॉट म्हटला तरी सेकंदाला पंचवीसच्या हिशोबानं 1,500 चौकटी होतात, आणि हा त्याहून मोठा आहे. त्यात घडत काहीच नाही. कुलपाला पावसानं गंज चढू नये म्हणून गुंडाळलेली दुधाची रिकामी पिशवी, तिला सुतळीची गाठ. ओट्यावर उपडी घागर. पत्र्याच्या डब्यातली तुळस. एक कोंबडी येते, उंबऱ्याशी टोच मारते, दाराच्या फटीत मान घालून आत बघते आणि निघून जाते. दारावर कडुनिंबाची सावली हळूहळू कुलपाकडं सरकते. एवढंच.

आईनं तो शॉट परत लावायला सांगितला. मग परत. मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. "कुणाची गं ही कोंबडी?" मी म्हटलं, शेजारच्या काकूची असेल. मग बऱ्याच वेळानं, "तुळशीला पाणी घालायचं सांगून गेले होते मी."

ते वाक्य ऐकलं आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं, की आईनं स्वतःचं बंद घर कधीच बघितलेलं नाही. ती कुलूप लावते आणि जाते. परत येते तेव्हा कुलूप उघडते. मधले सगळे महिने ते घर कसं असतं, दुपारी त्याच्यावर ऊन कुठून येतं, कोण उंबऱ्याशी येऊन परत जातं, हे तिला ठाऊक नाही. तिकडं उसाच्या पाचटाच्या कोपीत निजताना, मध्यरात्री उठून फडात जाताना, पाठीवर मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढताना तिच्या डोळ्यांपुढं हे दार येत असणारच. पण तिनं ते मनात बघितलं, आणि मी तिच्या हातात दिलं.

वर्गात कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग शिकवला तेव्हा मी भराभर नोट्स काढल्या होत्या. नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सूपच्या वाडग्याशेजारी ठेवला, एकदा शवपेटीशेजारी. बघणाऱ्यांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा शोक. चेहऱ्यानं काहीच केलं नव्हतं, सगळं बघणाऱ्यानं घातलं. परीक्षेपुरतं कळलं होतं मला. काल आई दाराकडं बघत होती तेव्हा पोटात कळलं.

आणि नाट्यशास्त्रातलं भरतमुनींचं रससूत्र. विभाव (भावनेची कारणं), अनुभाव (तिच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा), व्यभिचारी (येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगातून रसाची निष्पत्ती होते, असं सांगणाऱ्या त्या सूत्रात स्थायीभावाचा, म्हणजे मूळ भावनेचा, शब्दच येत नाही. पुढं टीकाकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. मला आज ते असं दिसतंय, की ज्याची निष्पत्ती व्हायची आहे त्याचं नाव आधी घ्यायचं नसतं. माझी कविता दर दोन ओळींनी नाव घेते. हुरहूर म्हणते, पोरकेपण म्हणते, उमाळा म्हणते. दार काहीच म्हणत नाही.

पण म्हणून कविता खोटी ठरते का? हे मला मान्य नाही. अजिबात नाही. 1953 साली न्यूयॉर्कमध्ये कविता आणि सिनेमावर एक चर्चा झाली होती. तिथं प्रयोगशील फिल्म करणारी माया डेरेन म्हणाली होती, की नाटकाची गोष्ट आडवी पुढं जाते, एका घटनेवरून दुसरीकडं. कविता उभी खाली उतरते, एकाच क्षणाच्या तळाकडं. शेजारी डिलन टॉमस बसला होता, एवढा मोठा कवी, त्यानं तिची थट्टा केली. सभागृह हसलं. मला त्या बाईचा फार आधार वाटतो. ती बरोबर होती. मी कविता लिहिली म्हणूनच त्या दारासमोर तेवढा वेळ थांबले, नाहीतर दोन सेकंदांचा शॉट घेऊन एसटी पकडली असती. म्हणजे दारापर्यंत मला कवितेनंच आणलं. तिथून खाली उतरली ती आई, स्वतःच्या जिन्यानं. तिथं माझा आवाज तिच्या मधे मधे येत असेल, तर तो बंद करायला सांगण्याचा तिला हक्क आहे. माझ्या आधी ते दार तिचं आहे.

हे लिहिताना सकाळपासूनचा गळ्यातला आवंढा जरा सैल झाला. वाईट वाटायचं ते वाटतंच आहे, पण त्याच्याबरोबर राहता येईल असं वाटतं.

फिल्ममध्ये एक बदल करणार आहे. कविता काढणार नाही. धोतराच्या शॉटवर ती तशीच राहील, "तू गेलीस"सकट. दार आलं की मात्र मी गप्प. तिथं त्या दुपारचा मूळ आवाज ठेवायचा: कोंबडी, पानांची सळसळ, लांबून जाणारी एक मोटारसायकल. सर म्हणतील शॉट रेंगाळतो. रेंगाळू दे. मार्क कमी पडले तर पडू देत.

आज दुपारी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "ते तुझं मावशीला पाठव." मावशी यंदा धाकटीलाही वसतिगृहात ठेवणार आहे, त्यावरून घरात काय चाललंय ते चाललंय. मी विचारलं, आवाज बंद करून पाठवू का?

"नको," आई तव्याकडं बघत म्हणाली, "तिला आवाजाचं पाठव. ऐकू दे तिला."

म्हणजे तिनं ऐकली होती. सगळी नसेल, पण पुरेशी.

फाईल फार मोठी आहे, इथल्या रेंजवर जात नाही. संध्याकाळी बारीक करून पाठवते.