कुंकवाचे ठिपके

"मॅडम, हा एक दिवस कोराच हाय. पोरगं रुसलं व्हतं, गोळी थुकली. खोटं कसं लावू?"

ओपीडीत तिनं पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या टेबलावर पसरलं. रोजच्या सिक्स-एमपी या कर्करोगाच्या गोळीला कुंकवाचा एक ठिपका. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही दुसरी गोळी असते, त्या वारी दोन. घामट बोटाचे, जरा फिसकटलेले.

मुलांमधल्या नेहमीच्या रक्ताच्या कर्करोगात हा गोळ्यांचा टप्पा दीड-दोन वर्षं चालतो. मूल बरं दिसायला लागतं, खेळायला लागतं, आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या राहून जातात. राहिलेली गोळी सहसा कुणी सांगत नाही. शिकलेले तर त्याहून नाही (माझा अनुभव!).

तिच्या मुलाच्या फाइलवर 'आईचं शिक्षण' या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय : निरक्षर.

आज ते खोडायला पेन उचललं. पण त्या जागी लिहू काय?