अकरा पाकिटे आणि एक नोंदणी क्रमांक

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या सोप्यात एक लोखंडी फाउलर पलंग, म्हणजे रुग्णासाठी डोक्याकडची बाजू वर उचलता येणारा पलंग, भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. आईच्या शेवटच्या आजारपणात, २०११ साली, तो आम्ही मिरजेहून विकत आणला. आई साडेतीन महिने त्यावर होती, आणि ती गेल्यानंतर तो विकायला माझे मन होईना. त्याच दिवाळीत मागच्या गल्लीतील एका गृहस्थांचे खुब्याचे हाड मोडले, त्यांच्या मुलाने पलंग मागितला आणि मी तो दिला. दोन महिन्यांनी पलंग परत आला तेव्हा हातगाडीवर त्याच्यासोबत एक वॉकर आणि कमोड खुर्चीही होती. "काका, आम्हाला आता नको. तुमच्याकडेच असू द्या, कोणाला तरी लागेल," असे सांगून तो मुलगा निघून गेला.

पुढच्या सात-आठ वर्षांत व्हीलचेअर, कुबड्या, हवेच्या गाद्या, नेब्युलायझर असे चाळीसच्या आसपास साहित्य कोणीही न ठरवता जमत गेले. मिरजेला उपचारासाठी जत, आटपाडीपासून थेट कर्नाटकातल्या गावांपर्यंतची माणसे येतात. शस्त्रक्रियेचा खर्च कसाबसा झालेला असतो. घरी गेल्यावर महिना-दोन महिने लागणारी वस्तू विकत घेण्याएवढे पैसे उरलेले नसतात. आम्ही वस्तूनुसार दोनशे ते हजार रुपये अनामत घेत असू, भाडे घेत नसू. अनामत रक्कम पाकिटात घालून, वर नाव लिहून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि शाळकरी दोनशे पानी वहीत नोंद करायची, एवढाच कारभार होता. माझी सगळी नोकरी एसटीच्या लेखाशाखेत झाली, तिथे तिकिटाच्या एका रुपयाचा फरक निघाला तरी मी रात्री उशिरापर्यंत बसलेला आहे. घरी मात्र डबा आणि वही मला पुरेशी वाटत होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून गावभागात काय झाले असेल याची कल्पना यावी. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी विश्रामबागला मेहुण्यांकडे गेलो. परत आलो तेव्हा सोप्यात गुडघाभर गाळ होता, हवेच्या गाद्यांचे पंप निकामी झाले होते, वहीतील शाई पानापानांवर पसरून निळा ढग झाला होता. डबा तेवढा माळ्यावर असल्याने वाचला. पुण्यात स्थायिक झालेल्या एका परिचितांच्या वडिलांनी आमचाच पलंग वापरला होता. त्या परिचितांचा फोन आला की, काय काय गेले त्याची यादी पाठवा, निम्मा खर्च आम्ही देतो. यादी माझ्याजवळ नव्हती. आठवून आठवून पत्नीने आणि मी जी केली ती तीन वेळा तीन वेगळ्या बेरजांची झाली. शेवटी त्यांनी सहज विचारले, "पावती मिळेल ना?" आणि मी गप्प बसलो.

या कामाची संस्था म्हणून नोंदणी करायची हे तेव्हाच ठरले, पण टाळेबंदीत दीड वर्ष गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या खेपेस साहित्य आधीच वर चढवलेले होते. प्रत्यक्ष कामाला २०२२ च्या सुरुवातीला लागलो.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि हे सात मिळवणे हीच माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत अवघड पायरी आहे. गाडीभर साहित्य द्यायला तयार असलेली माणसे सही म्हटली की दचकतात. "पैसे सांग, लगेच देतो, पण कागदावर नको, पोरं ओरडतील," असे मला चार जणांनी तरी सांगितले. सगळे नातेवाईकच घेतले तर संस्था घरचीच झाल्यासारखी दिसेल, असे वकिलांचे मत होते आणि ते मला पटले. अखेर दोन निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, हळदीच्या अडत दुकानातील एक दिवाणजी, एक तरुण फिजिओथेरपिस्ट, शेजारच्या वहिनी आणि मी अशी सात माणसे जुळली. दिवाणजी सर्वांत वडील, ७८ वर्षांचे. त्यांनी संमतिपत्रावर सही करण्याआधी चष्मा पुसून ते दोनदा वाचले, आणि सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घातली. बाकी आम्ही सहा जणांनी न वाचताच सह्या केल्या होत्या.

कार्यालयाचा पत्ता म्हणून आमचे घर द्यायचे होते. घर तिघा भावांच्या नावावर असल्याने दोघांची ना हरकत पत्रे लागली. धाकट्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा: "दादा, घर संस्थेच्या नावावर जाणार नाही ना?" मला राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. जागा केवळ कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी वापरली जाईल, मालकी हक्कात बदल होणार नाही, अशी ओळ आम्ही पत्रात घातली आणि दोघांच्याही सह्या आठवड्यात आल्या.

घटनापत्रकात आमचा उद्देश एकच होता, रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणे. वकिलांनी तयार करून आणलेल्या मसुद्यात वृक्षारोपण, वाचनालय, गोशाळा आणि स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन यांसह बावीस उद्देश होते. त्यांचे म्हणणे असे की, पुढे उद्देश बदलायचा तर खास सभा बोलवावी लागते, तीन पंचमांश सभासदांची मंजुरी लागते आणि महिन्याभराने दुसऱ्या सभेत तोच ठराव पुन्हा कायम करावा लागतो, त्यापेक्षा आत्ताच सगळे घालून ठेवलेले बरे. हा सल्ला व्यवहाराचा आहे हे मान्य करूनही गाई सांभाळण्याचे वचन मी कोणत्या तोंडाने देणार होतो? आम्ही चार उद्देश ठेवले. विसर्जनाच्या कलमावर मात्र मी अडलो. संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणजे आईचा पलंगसुद्धा. त्या रात्री मी सोप्यात बराच वेळ बसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी साहित्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर त्याचीच नोंद केली.

अर्ज संगणकावर भरून त्याच्या प्रती दाखल करणे, त्रुटी दुरुस्त करणे, शपथपत्रे, ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती, यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही. दोन-चार हेलपाटे झाले. नवख्या माणसाला गोंधळात टाकते ते एवढेच की, क्रमांक दोन मिळतात: एक संस्था म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि दुसरा 'एफ' अक्षराने सुरू होणारा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. बँकेत खाते उघडायला गेलात तर प्रमाणपत्रांसोबत परिशिष्ट १ चा उतारा मागतात, कारण विश्वस्तांची नावे अधिकृतपणे त्यातच असतात. आम्ही केवळ प्रमाणपत्रे घेऊन गेलो आणि परत आलो.

दरम्यान मी डबा घेऊन एका सनदी लेखापालांकडे गेलो होतो. वयाने माझ्या मुलीएवढ्या असलेल्या त्या बाईंनी सगळी पाकिटे टेबलावर ओळीने मांडली. ज्यांचे साहित्य अजून वापरात होते ती बाजूला काढली. अकरा पाकिटे उरली. त्यांचे साहित्य केव्हाच परत आले होते, पैसे मात्र कोणी नेले नव्हते. एकूण ५,६०० रुपये. मी म्हणालो, हे संस्थेच्या खात्यात पहिली देणगी म्हणून भरू. त्या म्हणाल्या, "काका, अनामत ही देयता असते, उत्पन्न नव्हे. हे पैसे तुमचे नाहीत आणि संस्थेचेही नाहीत. आधी ज्यांचे त्यांना देऊन या." आयुष्यभर लेखाशाखेत काढलेल्या माणसाला हे ऐकावे लागले.

मग मे महिन्यात मी ती अकरा पाकिटे घेऊन फिरलो. पासष्टी ओलांडल्यामुळे एसटीचे तिकीट अर्धे पडते, त्यामुळे प्रवासखर्च पाकिटातल्या रकमेहून जास्त, असा हास्यास्पद हिशेब होण्याचे एका ठिकाणी टळले. तीन घरे सांगलीतच होती, दोन मिरजेत. तासगावच्या एका गृहस्थांनी मला वसुलीला आलेला समजून दारातच उभे केले, पैसे द्यायला आलोय म्हटल्यावर आणखीच संशयाने पाहिले, आणि खात्री पटल्यावर किलोभर बेदाणे बांधून दिले. दोन पत्त्यांवर घरेच सापडली नाहीत.

जत तालुक्यातील एका वस्तीवर मात्र मी दोन तास थांबलो. मिरजेहून कवठे महांकाळ, नागज फाट्यावरून जत, आणि पुढे शेअर वडापने तिठ्यापर्यंत. शेवटचा दीड किलोमीटर पायी. २०१८ मध्ये त्या घरी हवेची गादी गेली होती आणि तीन आठवड्यांत, द्राक्षे घेऊन येणाऱ्या टेम्पोतून, धुऊन, पावडर लावून, मूळ खोक्यात घालून परत आली होती. घरातल्या मावशींनी मला ओळखले नाही. पाकिटावरचे यजमानांचे नाव वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते गेल्यावर गादी लगेच पाठवली ओ. पैशाचं ध्यानात होतं, पण मागायला कसं यायचं?" पाकिटावर नाव त्यांच्या यजमानांच्याच अक्षरात होते, रुग्णालयाच्या बाकावर बसून त्यांनी ते लिहिल्याचे मला तेव्हा आठवले. मावशींनी पाचशेची नोट काढून माझ्या हातात परत ठेवली, कोणाच्या तरी गादीला होईल म्हणून, आणि रिकामे पाकीट तेवढे घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले. मला ती नोट घेता येत नव्हती. नोंदणीचा आदेश अजून व्हायचा होता, खाते नव्हते, पावतीपुस्तक छापलेले नव्हते. हे सगळे त्यांना समजावून सांगताना मी किती विचित्र दिसत असेन! पैसे द्यायला चार तास प्रवास करून आलेला माणूस तेच पैसे घ्यायला नाही म्हणत होता. नोंदणी झाल्यावर कळवतो असे सांगून, बाजरीची भाकरी आणि खर्डा खाऊन मी निघालो.

प्रमाणपत्रे पावसाळ्यात मिळाली. पुढे संस्थेचे पॅन, बँकेत तिघांपैकी दोघांच्या सहीने चालणारे खाते आणि आयकराचे काम. नव्या संस्थेला तेव्हा १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ची नोंदणी आधी तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळत असे. काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागे, आणि ती मुदत चुकली की धावपळ होई. देणगीदारांना सांगावे लागणारे दोन नियम मी पावतीपुस्तकाच्या आतल्या पानावरच छापून घेतले. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर सवलत नाही. वस्तूरूप देणगीवरही नाही, म्हणजे तुम्ही बारा हजारांची नवी व्हीलचेअर आणून दिलीत तर आम्ही मनापासून आभार मानू, पण कर वाचणार नाही. त्यामुळे एक-दोन जण नाराज झाले. पुण्याच्या परिचितांनी रक्कम धनादेशाने पाठवली आणि पावती क्रमांक दोन त्यांच्या नावे फाडली. पावती क्रमांक एक पाचशे रुपयांची आहे. मावशींच्या भाच्याने जतहून मोबाइलवरून पैसे पाठवले होते.

गेल्या वर्षी दिवाणजी गेले. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, परिशिष्ट ३ मध्ये. मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताच्या निवडीचा ठराव, सभेची सूचना प्रत्येकाला मिळाल्याच्या सह्या, सगळे जोडले आहे. त्यांच्या जागी त्यांची सून आली आहे. तिनेही संमतिपत्र आधी वाचले आणि दुसऱ्या परिच्छेदातील पिनकोडची चूक दाखवून ते पुन्हा टंकलिखित करून घेतले. अर्ज मंजूर होईपर्यंत परिशिष्ट १ च्या उताऱ्यात दिवाणजींचेच नाव राहील. न सापडलेल्या दोन पत्त्यांची पाकिटे त्या डब्यातच आहेत, आणि ताळेबंदात देयतांच्या बाजूला दर वर्षी त्यांची ओळ येते: ९०० रुपये.