सांगलीत बसून पेटंटचं काम : आमची वाटचाल

विश्रामबागला आमचं छोटंसं ऑफिस आहे, मी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली चार-पाच पोरंपोरी. हळद, बेदाणा नाहीतर फाउंड्री सोडून सांगलीत कोण काय करतं म्हटलं की लोकांना कळतच नाही, पेटंट म्हटलं की विचारतात, वकील का? वकील नाही हो, वकिलांना जुने शोध हुडकून देतो.

सुरुवातीला पंपाचे सील, ठिबकचे ड्रिपर, मिळेल ते घेतलं, पण जम बसला तो कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये, कारण त्यात भांडणंच लय. सीसीडी (कॅमेऱ्यातली जुन्या प्रकारची सेन्सर चिप) १९६९ ची, कोडॅकच्या बायरचं रंगांच्या फिल्टरचं पेटंट १९७६ चं, नव्वदच्या दशकात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत एरिक फॉसम या इंजिनिअरच्या टीमनं सीमॉस सेन्सर (आता मोबाईलच्या कॅमेऱ्यात असतो तो) पुढं आणला, त्यामुळं नवीन पिक्सेल म्हणून कुणी अर्ज केला की एक्झामिनर (पेटंट ऑफिसातला अर्ज तपासणारा अधिकारी) जुनं काहीतरी काढून समोर टाकतोच. अमेरिकेत दोनदा रिजेक्ट झालं की अपील बोर्डाकडं जाता येतं आणि तिथं आमचा क्लेम चार्ट कामाला येतो (क्लेम म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क सांगतो ते, आणि त्यातलं एकेक जुन्या कागदात आहे का नाही ते दाखवणारा तक्ता म्हणजे चार्ट).

यातली गोम अशी की शोध नवा नाही म्हणायचं तर क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या कागदात, आणि तशीच जोडलेली सापडायला पाहिजे, अर्धं ह्यातनं अर्धं त्यातनं केलं की मुद्दा नॉव्हेल्टीचा (नवेपणाचा) राहत नाही, इन्व्हेंटिव्ह स्टेपचा (जाणकाराला सहज सुचलं असतं का, त्याचा) होतो. आणि कागदात लिहिलेलं नसेल तर ती गोष्ट तिथं असणारच असं दाखवावं लागतं, असू शकेल म्हणून भागत नाही.

एका कामात क्लेम होता, शेजारच्या दोन पिक्सेलना मिळून एकच रीसेट ट्रान्झिस्टर (पिक्सेलमधला जुना चार्ज पुसणारा स्विच). जुन्या आकृतीत दोन फोटोडायोड (पिक्सेलमधला उजेड टिपणारा भाग) आणि मधे एक ट्रान्झिस्टर, बघितल्यावर वाटलं संपलं सगळं. पण आमच्या पोरीनं त्याच पेटंटातली टायमिंगची आकृती काढली तर त्या ट्रान्झिस्टरचा सिग्नल पिक्सेलची रांग वाचायची तेवढा वेळ चालूच, रीसेट तर क्षणभरच लागतो! म्हणजे तो रांग निवडायचा ट्रान्झिस्टर, रीसेट दोघांचे वेगवेगळेच. वकीलसाहेब जाम खूश झाले (बिल मात्र सावकाश दिलं).

आता इकडची कामं पण येतायत. २०२१ ला आयपीएबी (पेटंटची अपिलं ऐकणारं भारतातलं मंडळ) बंद झाल्यापासून अपील थेट हायकोर्टात, मुदत तीन महिने, आणि लोक फोन करतात ते मुदत संपत आल्यावर. जरा आधी करा राव, शोधायला वेळ लागतो.

सेन्सरचे बरेच जुने कागद जपानी आहेत आणि मशीनच्या भाषांतरावर अपील लढवणं रिस्कीच, तर सांगली-मिरजेकडं जपानी वाचणारं कुणी असेल तर कळवा, पगाराचं बघू.